मधुमेह आणि नगराचें कर्तव्य

मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी एक जुनी समजूत आपल्या समाजांत आहे. सावकार, जहागीरदार आणि पेढीवरचे शेटजी यांना तो व्हावा, आणि कष्टकऱ्यानें त्यापासून निर्धास्त असावें, हा जणू निसर्गाचाच न्याय मानला जाई. आज तो न्याय उरलेला नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून भारतांत सुमारें १० कोटि प्रौढ माणसें मधुमेहानें ग्रस्त असून आणखी १३ कोटींहून अधिक माणसें त्याच्या उंबरठ्यावर उभीं आहेत, असें दिसतें. त्याच पाहणींतील दुसरा एक आंकडा याहून विचार करण्याजोगा आहे. खेड्यांत १०० प्रौढांमागें सुमारें ९ जणांना हा रोग आढळला. शहरांत तेंच प्रमाण १६ च्या वर गेलें.

खेड्यांतला माणूस आणि शहरांतला माणूस यांचें रक्त कांहीं निराळें नसतें. पुष्कळदां ते सख्खे भाऊच असतात. एक शेतावर राहिला, दुसरा पोटासाठीं शहरांत आला. मग एकाच पिढींत एवढें अंतर कां पडावें? या प्रश्नाचें उत्तर माणसाच्या शरीरांत जितकें शोधावयाचें, तितकेंच तें शहराच्या रस्त्यांत, शाळांत आणि दवाखान्यांत शोधलें पाहिजे.

प्रथम रोगाचें स्वरूप थोडक्यांत पाहणें बरें. मधुमेहाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा लहानपणींच जडतो. त्यांत शरीर आपल्याच स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करतें. त्यांत मुलाचा किंवा मातापित्यांचा कसलाही दोष नसतो, आणि तो टाळणें आज तरी नगराच्या हातीं नाहीं. दुसरा प्रकार प्रौढपणीं येतो, आणि शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी याच प्रकारचे असतात. त्यांत इन्शुलिन असतें, परंतु शरीर त्याला दाद देईनासें होतें. अन्नांतून आलेली साखर मुख्यतः स्नायूंनीं उचलावयाची असते. स्नायू बसून राहिले आणि पोटाभोंवतीं चरबी सांचली, कीं ही साखर रक्तांतच रेंगाळते, आणि वर्षानुवर्षें डोळे, मूत्रपिंडें, हृदय व पायांच्या नसा पोखरीत जाते. रोग्यास पुष्कळ काळ कांहींच जाणवत नाहीं, हेंच त्याचें मोठें कपट होय.

आपल्या लोकांच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत दोन संशोधकांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानें वजन किती, हें दाखविणारा अंक दोघांचाही एकच, म्हणजे २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के भरली, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! वरून सडसडीत दिसणारा भारतीय मनुष्य आंतून चरबीनें भरलेला असूं शकतो, हें त्या एका छायाचित्रानें जगाला दाखविलें. हें अंतर जन्मापासूनच असतें. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकें तपासलीं. त्यांचें सरासरी वजन २.७ किलोग्रॅम होतें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ होतें. पुण्याकडील मुलांचे स्नायू लहान होते, परंतु चरबी त्या मानानें कमी नव्हती. म्हणून ‘आमच्या घरांत कोणी लठ्ठ नाहीं’ एवढ्यावर आपल्याकडील कोणत्याही कुटुंबानें स्वस्थ राहूं नये.

हा रोग टाळतां येतो काय? येतो, निदान पुष्कळ वर्षें लांबवितां तरी खास येतो. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाच्या निर्धन रोग्यास जोडा व छत्री यांवांचून शंभर योजनें चालावयास, नाहीं तर विहीर खणावयास सांगितलें आहे. या प्राचीन उपदेशाची परीक्षा आधुनिक काळांत झाली. चीनमधील दाचिंग शहरांत १९८६ सालीं, ज्यांची साखर वाढूं लागली होती अशा ५७७ लोकांना निवडून त्यांतील कांहींना आहार व व्यायाम यांचें सहा वर्षें मार्गदर्शन दिलें. तीस वर्षांनीं पाहतां त्यांचा मधुमेह सरासरीनें सुमारें चार वर्षें लांबला होता. चेन्नई येथें डॉ. ए. रामचंद्रन् व त्यांचे सहकारी यांनीं ५३१ जणांवर असाच प्रयोग केला, व २००६ सालीं त्याचा निष्कर्ष मांडला. नुसती सामान्य सूचना मिळालेल्यांपैकीं तीन वर्षांत १०० तील ५५ जणांना मधुमेह जडला. ज्यांच्या चालण्याकडे व खाण्याकडे नियमानें लक्ष पुरविलें, त्यांच्यांत ३९ जणांना जडला.

येथपर्यंतचा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. रोज चाला, गोड कमी खा, पोट वाढूं देऊं नका, हें वैद्य सांगतो, वर्तमानपत्र सांगतें, आणि घरांतली सूनही सांगते. परंतु ज्याला चालावयाचें, त्याच्या दाराबाहेर पाऊल टाकावयास जागा आहे काय, हें कोणी पाहत नाहीं. उपदेश माणसाला करावयाचा आणि रस्ता मोटारीला द्यावयाचा, ही शहराची विसंगति आहे. आणि रोग झाला म्हणजे दोष मात्र रोग्याच्या जिभेवर व आळसावर ठेवला जातो.

वस्तीचा परिणाम रक्तावर होतो, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेंत १९९४ ते १९९८ या काळांत बॉल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क या पांच शहरांतील दरिद्री वस्त्यांत राहणाऱ्या सुमारें ४,५०० स्त्रियांच्या कुटुंबांसाठीं सोडत काढण्यांत आली. कांहींना बऱ्या वस्तींत घर घेण्यासाठीं भाड्याचें साह्य मिळालें, कांहींना मिळालें नाहीं. दहा ते पंधरा वर्षांनीं त्यांचें रक्त तपासलें. ज्यांना कांहींच मिळालें नव्हतें त्यांच्यापैकीं १०० तील २० जणींच्या रक्तांत मधुमेह दिसला; ज्यांना बऱ्या वस्तीची संधि मिळाली, त्यांच्यांत सुमारें १६ जणींच्या. या स्त्रियांना कोणी औषध दिलें नव्हतें, कीं पथ्य सांगितलें नव्हतें. बदलली होती ती वस्ती.

आतां पुणें शहराचेंच उदाहरण घ्यावें. एके काळीं हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. कारकून, विद्यार्थी, शिक्षक, कामगार सारे सायकलीवरून जात, आणि व्यायाम करीत आहों असें त्यांच्या मनांतही येत नसे. तो व्यायाम शहराच्या रचनेंतच होता. आज त्याच रस्त्यांवर स्वयंचलित दुचाक्यांची दाटी आहे. पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी यांवर पहांटे माणसांची रीघ लागते, ही गोष्ट भूषणावह खरी. आणि या टेकड्या राखणें हें आरोग्याचेंच काम होय. परंतु टेकडीचा लाभ तिच्याजवळ राहणाऱ्याला व पहांटे तास-दीडतास मोकळा असणाऱ्याला होतो. हडपसरच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्याला, किंवा चार घरचीं धुणीं-भांडीं करून आपला संसार चालविणाऱ्या बाईला, मुद्दाम फिरावयास जाण्याइतका वेळ कोठला? त्यांचें चालणें कामाच्या वाटेवरच झालें पाहिजे. बस पकडणारा मनुष्य थांब्यापर्यंत चालतोच. म्हणून चांगली बस आणि तिच्या थांब्यापर्यंत सलग पदपथ, हीं मधुमेहावरचींच औषधें समजावीं.

पदपथाची रुंदी निदान १.८ मीटर मोकळी असावी, व कठड्याची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असें भारतीय रस्ते काँग्रेसनें २०१२ सालीं सांगून ठेवलें आहे. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांसाठीं धोरण मंजूर केलें. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करण्याचें काम हातीं घेतलें. तेथें आज वृद्ध मंडळी बांकांवर विसावा घेत घेत चालतांना दिसतात. २०२१ सालीं ११ डिसेंबर रोजीं लक्ष्मी रस्ता वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. हे आरंभ स्तुत्य आहेत. परंतु एका रस्त्यानें शहर चालूं लागत नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरांत १९७४ पासून रविवारीं शंभराहून अधिक किलोमीटरांचे रस्ते सकाळपासून दुपारपर्यंत वाहनांस बंद ठेवून चालणाऱ्यांच्या व सायकलस्वारांच्या स्वाधीन केले जातात. वर्षाचा एक दिवस आणि आठवड्याचा एक दिवस यांत सोहळा आणि सवय यांइतकें अंतर आहे.

दुसरें कर्तव्य अन्नाविषयींचें. शहरानें कोणाच्या स्वयंपाकघरांत शिरूं नये, हें खरें. परंतु शाळेचें फाटक हें स्वयंपाकघर नव्हे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आंत अति तेलकट, अति खारट व अति गोड पदार्थ विकूं नयेत, असा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०२० सालीं केला. तो अमलांत आणणें स्थानिक यंत्रणेच्या दक्षतेवर अवलंबून आहे. शाळेंत व उद्यानांत स्वच्छ, थंड पाण्याचा नळ असेल, तर तहानलेलें मूल गोड पेयाच्या बाटलीकडे सहसा वळणार नाहीं. फिलाडेल्फिया शहरानें २०१७ पासून अशा पेयांवर कर बसविला आणि त्यांचा खप बराच उतरला. तसा कर बसविण्याचा अधिकार आपल्या महापालिकांना नाहीं. परंतु स्वतःच्या जागेवरील जाहिराती त्यांच्या हातीं आहेत. लंडनच्या वाहतूक संस्थेनें फेब्रुवारी २०१९ पासून आपल्या गाड्यांवर व स्थानकांवर असल्या पदार्थांच्या जाहिराती बंद केल्या. आपल्या बसगाड्यांवर हें करावयास फारसा खर्चही लागत नाहीं. उत्पन्न थोडें बुडेल इतकेंच.

तिसरें कर्तव्य दवाखान्याचें. ज्या रोगाची वर्दी शरीर देत नाहीं, ती कोणी तरी दिली पाहिजे. तिशी उलटलेल्या प्रत्येकाची कंबर फितीनें मोजणें आणि रक्ताचा एक थेंब तपासणें, हें वस्तीजवळच्या दवाखान्यांत, आणि कामगारांसाठीं सायंकाळीं, झालें पाहिजे. विशेष लक्ष गर्भवतींकडे हवें. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं रक्त तपासण्याची सोय प्रत्येक नागरी प्रसूतिगृहांत असावी, आणि जिची साखर वाढलेली आढळली, तिला प्रसूतीनंतरही विसरूं नये. कारण पुढें मधुमेह होण्याचा धोका तिला आणि तिच्या अपत्याला, दोघांनाही इतरांहून अधिक असतो.

इतकें सारें नगरानें कां करावें, असें कोणी विचारील. त्याला इतिहासाचें उत्तर आहे. १८५४ सालीं लंडनमध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. जॉन स्नो यांनीं एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविलें, आणि पंपाचा दांडा काढण्यांत आला. पुढें नगरांनीं स्वच्छ पाण्याचे नळ आणि बंद गटारें बांधलीं. तोंवर पाणी उकळून पिण्याचा उपदेश पुष्कळांनीं केला असेल. परंतु पटकी हटली ती नळानें. मधुमेह जंतूंनीं पसरत नाहीं, तरी तोही शहराच्या रचनेंतूनच घरांत शिरतो. संयम हा ज्याचा त्यानेंच पाळावयाचा. परंतु संयमाला वाट करून देणें हें नगराचें काम आहे.

सुशिक्षित कुटुंबांना या बाबतींत करण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्या गल्लींतल्या पदपथावर आपलीच गाडी उभी नाहीं ना, हें त्यांनीं आधीं पाहावें. नंतर मतें मागावयास येणाऱ्या उमेदवारास तीन साधे प्रश्न विचारावे: या प्रभागांतील वृद्ध मनुष्य पदपथ न सोडतां बाजारापर्यंत जाऊं शकतो काय? शाळेच्या फाटकाशीं काय विकलें जातें? आणि दवाखाना संध्याकाळीं किती वाजेपर्यंत उघडा असतो?