आत वळलेली पावले

पहिलीच्या वर्गात नव्याने आलेले एखादे मूल धावताना पावले आत वळविते, पायात पाय अडकून पडते आणि जांभ्या दगडावर गुडघे फोडून घेते. सोबती त्याला ‘फेंगड्या’ म्हणून चिडवितात. घरची माणसे ‘नीट चाल’ म्हणून दटावितात. अशा वेळी शिक्षकाचे कर्तव्य काय, हे ठरविण्यापूर्वी त्यामागील कारण समजून घेणे इष्ट होय.

पावले आत वळण्याचे मूळ तीन ठिकाणी असू शकते. तान्ह्या वयात पायाचा चवडा आत वळलेला असतो. मूल चालू लागते त्या सुमारास नडगीच्या हाडाचा पीळ दिसतो. आणि तीन वर्षांनंतर मांडीच्या हाडाचा पीळ नजरेस येतो. त्या मुलाच्या पावलांबरोबर गुडघ्याच्या वाट्याही आत पाहतात. मांडीच्या हाडाचा हा पीळ जन्मतः सुमारे ४० अंश असतो व वाढीबरोबर उतरत प्रौढपणी सुमारे १५ अंशांवर येतो. सारांश, हा मुलाचा आळस नव्हे व हट्टही नव्हे. ती वाढीची एक अवस्था आहे. बहुतेक मुलांची चाल आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत आपोआप सुधारते. खास बूट वा पट्ट्या यांनी हा पीळ लवकर उतरत नाही. पालकांनी त्यापायी पैसा खर्चू नये, हे त्यांना समजावून सांगावे.

तथापि काही लक्षणांकडे दुर्लक्ष करणे घातक ठरेल. वळण एकाच पायाला असणे, पाय दुखणे, लंगडणे, टाच न टेकणे, स्नायू ताठ असणे, अथवा चाल उत्तरोत्तर बिघडणे, यांमागे खुब्याच्या सांध्याचा दोष वा मेंदूचा विकार असू शकतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांची तपासणी वर्षातून एकदा होते. परंतु ही लक्षणे दिसताच त्या तपासणीची वाट न पाहता मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास पालकांना सांगावे.

बाकीच्या मुलांना खेळातून वगळू नये. त्यांना धावू द्यावे, पडू द्यावे, पुन्हा उठू द्यावे. मात्र चिडविणाऱ्यांना वेळीच आवरावे. पाय कालांतराने सरळ होतील. परंतु बालपणी मनास लागलेला सल तितक्या सहज निघत नाही.