घरची उजळणी
(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अभ्यासाला घराने हातभार कसा लावावा, या विषयावर मी बोलावे अशी समितीची आज्ञा झाली. विषय मोठा आहे. म्हणून त्यातील एकच लहानशी गोष्ट आपणांपुढे मांडतो.

दुसरीतल्या मुलाला 'पंचवीस' लिहावयास सांगितले आणि त्याने '५२' लिहिले, की 'एवढेसुद्धा येत नाही?' असे आपण सहज बोलून जातो. परंतु 'पंचवीस' या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागाहून. लिहिताना मात्र दोनाचा अंक आधी येतो. मुलाने ऐकले तसे लिहिले, इतकेच. आपल्या घरच्या कोकणीतही हाच क्रम आहे. शेजारच्या कन्नडमध्ये मात्र वीस आधी आणि पाच नंतर उच्चारतात. 'एकोणतीस' तर याहून कठीण. त्या नावातच वजाबाकी दडलेली आहे, आणि 'तीस' ऐकून मूल '३९' लिहिते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाठ करावा, तो 'नव्व्याण्णव'ला मोडतो!

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद माजला. जुनी नावे भाषेचे धन आहेत आणि ती टिकलीच पाहिजेत, असे मलाही वाटते. पण मुलांची अडचण खरी आहे, हेही मान्य केले पाहिजे.

त्यावर उपाय घरातच आहे. मूठभर चिंचोके घ्यावे आणि दहा-दहांच्या पुरचुंड्या बांधाव्या. दोन पुरचुंड्या व पाच सुटे, हे पंचवीस. पाच पुरचुंड्या व दोन सुटे, हे बावन्न. दोन्ही शेजारी मांडून मुलाला पाहू द्यावे, मग लिहू द्यावे. तीन पुरचुंड्यांतून एक चिंचोका काढावयास सांगावे. त्यासाठी एक पुरचुंडी सोडावीच लागते. दोन उरतात आणि नऊ सुटे. एकोणतीस म्हणजे काय ते मुलाला उमगते, आणि पुढे वजाबाकीत दशक मोडण्याची तयारीही त्याच खेळात होते.

याला शिकवणी नको, की आईवडिलांची पदवी नको. दिवेलागणीनंतर परवचा म्हणण्याची चाल आपल्याकडे होतीच. तिच्या जोडीला पंधरा मिनिटे हा खेळ ठेवावा. आजी-आजोबा असतील तर फारच उत्तम. चूक झाली तर उत्तर सांगू नये. 'पुन्हा मोजून बघ, बाळा' एवढेच म्हणावे. पाहुण्यांसमोर परीक्षा घेऊ नये, शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. 'मला गणित येत नाही' अशी समजूत सातव्या वर्षी एकदा मनात बसली, की ती काढावयास पुढे फार सायास पडतात.

देवस्थानचा जमाखर्च चोख ठेवणे हे महाजनांचे कर्तव्य आपण अभिमानाने सांगतो. त्या वह्या उद्या ज्यांच्या हाती सोपवावयाच्या, ती मुले आज दुसरी-तिसरीत आहेत. आज घरी गेल्यावर त्यांच्यापुढे मूठभर चिंचोके ठेवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.