तळव्यांची खाज आणि वार



 

मी नवी डॉक्टर असताना आठव्या महिन्यातली एक बाई माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, रात्रभर तळहात-तळपाय खाजतात, डोळ्याला डोळा नाही." पुरळ दिसेना. उष्णता असेल म्हणून मी खोबरेल तेल लावायला सांगितलं. पंधरा दिवसांनी ती परत आली, तेव्हा बाळाचे ठोके लागत नव्हते. आजच्या सत्रांसाठी हा विषय मी आग्रहानं घ्यायला लावला, तो तिच्यामुळे.

तिला होता तो गर्भारपणातला कोलेस्टेसिस. त्यात यकृतातून पित्त नीट वाहत नाही. पित्ताम्लं रक्तात साठतात आणि वारेपर्यंत पोचतात. वार बाळाला नुसती पोसत नाही, राखतेही. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक बाळाच्या कितीतरी पट असतं. ते तसंच बाळाकडे जाऊ नये म्हणून वारेतलं ११ बीटा-एचएसडी २ हे एन्झाइम त्यातल्या बऱ्याचशा भागाचं निष्क्रिय कॉर्टिसोन करतं. कोलेस्टेसिस झालेल्या बायकांच्या वारेत हे एन्झाइम कमी आढळलं आहे, आणि प्रयोगशाळेत पित्ताम्लांनी ते दबतं. आपल्या घराघरातल्या ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिनही याच एन्झाइमला अडवतं. खोकल्यासाठी रोज कांडी चघळणाऱ्या गर्भारणीला आपण हे विचारतो का?

बाळ अचानक दगावतं त्याचं कारण या एन्झाइमवर संपत नाही. पित्ताम्लं बाळाच्या हृदयाची लयही बिघडवत असावीत. पण धोका कुठे वाढतो ते आता मोजता येतं. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात, पोटात एकच बाळ असताना पित्ताम्लं लीटरमागे ४० मायक्रोमोलच्या खाली असतील तर बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण ०.१३ टक्के होतं. १०० किंवा त्याहून वर गेल्यास ३.४४ टक्के. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 'पिचेस' चाचणीत या आजारात दिल्या जाणाऱ्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी बाळांचा धोका कमी झालेला दिसला नाही. तेव्हा गोळी लिहून निर्धास्त होता येत नाही. पित्ताम्लं पुन्हापुन्हा मोजायची आणि प्रसूती कधी करायची ते वेळेवर ठरवायचं.

ही सगळी धावपळ सुरू होते ती घराच्या ओट्यावर, खाजेबद्दल कुणीतरी विचारल्यावर. म्हणून आजचं पहिलं सत्र घरोघर जाणाऱ्या आशाताईंचं ठेवलं आहे. ताईंनो, या, पुढच्या खुर्च्या आपल्यासाठीच राखल्या आहेत.