जंगल सत्याग्रहापासून कोलंबोपर्यंत : लोकनायक बापूजी अणे



कायदा मोडून तुरुंगात गेलेला माणूस पुढे सरकारचा प्रतिनिधी म्हणून परदेशी गेला, असे आपल्या वऱ्हाडात घडले आहे. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. ते लोकमान्यांचे अनुयायी. व्यवसाय यवतमाळला वकिलीचा.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडाला समुद्र नाही. परंतु खारपाणपट्टा म्हणजे काय, हे संग्रामपूर-जळगाव जामोदकडील मंडळींना सांगावयास नको. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे अशाच खाऱ्या पाण्यापासून मीठ करण्यात आले. तथापि शेतकऱ्याला खरा जाच होता तो राखीव जंगलाच्या नियमांचा. गुरांसाठी गवत कापायचे, तर परवाना हवा! अणे यांनी हे दुखणे अचूक हेरले. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या जंगलात त्यांनी विनापरवाना गवत कापले आणि कारावास पत्करला.

हेच अणे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. अनेक जुन्या सहकाऱ्यांना हे रुचले नाही आणि बेचाळीसच्या आंदोलनात, देशभर धरपकड चालू असतानाही, ते त्या मंडळात राहिले, हे मलाही पटत नाही. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले, तेव्हा सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह अणे यांनी राजीनामा दिला. हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.

त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तेथे होते. चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या लाखो तमिळ मजुरांच्या मताधिकाराचा व नागरिकत्वाचा प्रश्न तेथे धुमसत होता. तो त्यांच्या कारकिर्दीत सुटला नाही. १९४८ च्या सिलोनी कायद्याने बहुसंख्य मळामजूर नागरिकत्वाविना राहिले. पुढे १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात सव्वापाच लाख लोकांना स्वीकारण्याचे भारताने मान्य केले.

१९४८ ते १९५२ या काळात अणे बिहारचे राज्यपाल होते. नंतर ते नागपूरहून लोकसभेत गेले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. गुरूचे ऋण मात्र ते विसरले नव्हते. लोकमान्यांच्या चरित्रावर त्यांनी रचलेल्या ‘तिलकयशोऽर्णव’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो पाहावयास ते नव्हते.