घाटातली कच्ची वाट आणि गाडीबाहेरचा सोबती

सह्याद्रीतली कच्ची वाट चारचाकीने पार करताना पुढचे चाक नेमके कशावर टेकले आहे, हे चालकाला दिसत नाही. बॉनेटमुळे गाडीच्या नाकापुढची काही हात जमीन झाकलेली असते. चढ उभा असेल तर काचेतून नुसते आभाळ दिसते. म्हणून डोंगरातल्या अशा दिवसासाठी दोघे लागतात, एक स्टिअरिंगवर आणि एक खाली जमिनीवर. वाटेच्या अवघड भागात गाडी खाली उतरलेल्या सोबत्याच्या डोळ्यांनी चालते.

या डोंगराची घडणच पायऱ्यांची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतल्या कठीण थरांचे कडे झाले आणि ठिसूळ थरांचे उतार. त्यामुळे मुळशी, मावळ किंवा वेल्ह्याकडच्या वाटेवर मऊ मुरमाचा उतार चालू असतानाच मध्येच उघड्या कातळाची गुडघाभर पायरी आडवी येते. पावसाळ्यात त्या कातळावर शेवाळ धरते आणि मातीचा निसरडा राडा होतो. उन्हाळ्यात मुरमाचे सुटे खडे गोट्यांसारखे चाकाखालून निसटतात. नवख्याने शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. तेव्हा जमीन घट्ट असते आणि ओढ्यांचे पाणी उतरलेले असते.

वाट ठरवताना तिच्या मालकीची चौकशी आधी करावी. राखीव वनात वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी नेणे हा गुन्हा आहे, आणि अभयारण्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे बंधन आहे. गावाची वहिवाटीची वाट असली तरी पाटलाच्या किंवा सरपंचांच्या कानावर घालून पुढे जावे. भातखाचराच्या बांधावरून एकदा चाक गेले की बांध फुटतो आणि शेतकऱ्याचे काही दिवसांचे काम वाढते. सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, तर गाडी नेऊच नये. जागतिक वारशात 2012 साली समाविष्ट झालेल्या कासच्या पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो. पावसाळी फुलांचे बी आणि कंद त्यातच असतात आणि चाकाने दबलेली ती माती लवकर पूर्ववत होत नाही. आधीपासून पडलेली चाकोरी सोडायची नाही, हा नियम दोघांनी निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावा.

गाडी चारही चाकांना ताकद देणारी आणि लो रेंज असलेली हवी. लो रेंजमध्ये चाके फार सावकाश फिरतात आणि त्यांना मिळणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे माणसाच्या चालीने दगडावर चढता येते आणि क्लच घासावा लागत नाही. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागाही पाहावी. 2020 च्या थारला ती 226 मिलिमीटर आहे, जिम्नीला 210. नुसते उंच दिसणारे पण पुढच्याच दोन चाकांवर चालणारे वाहन या वाटेवर आणू नये.

डांबरी रस्ता सुटला की पहिले काम टायरमधली हवा कमी करण्याचे. एरवी तीसच्या आसपास असलेला दाब दगडाळ वाटेसाठी 20 ते 22 पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर मऊ झाला की त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, तो दगडाला बिलगतो आणि आतल्या माणसांना बसणारे दणकेही कमी होतात. मात्र अशा टायरवर वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर नेऊ नये, आणि जोरात वळवल्यास टायर रिमवरून निघू शकतो हे ध्यानात ठेवावे. परत हवा भरायला बॅटरीवर चालणारा पंप सोबत असलाच पाहिजे.

सोबत्याचे काम शिकावे लागते. तो आधी अवघड टप्पा पायी चालून येतो, हलणारे दगड पायाने चाचपतो, कुठले चाक कशावरून न्यायचे हे ठरवतो आणि चालकाला गाडीतून उतरवून तेच दाखवतो. मग तो गाडीपुढे काही पावलांवर, चालकाला पूर्ण दिसेल असा उभा राहतो. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवाव्यात. ‘डावीकडे’ म्हणजे कोणाच्या डावीकडे यावरून होणारा घोटाळा टाळण्यासाठी तोंडी सांगायचेच झाले तर ‘दरीकडे’ आणि ‘डोंगराकडे’ असे शब्द जास्त चांगले. मुठी आवळून दोन्ही हात वर गेले की थांबायचे, कारण विचारायचे नाही. खूण एकाच माणसाने करावी. बघ्यांपैकी चौघे हात हलवू लागले तर गाडी थांबवावी. सोबत्याने गाडीच्या उताराकडच्या बाजूला, किंवा गाडी आणि कातळ यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. चढ खडा असेल तर त्याने बाजूच्या उंचवट्यावरून मार्ग दाखवावा. सोबती दिसेनासा झाला तर चालकाने जागीच थांबावे, मग एक हात अंतरच का उरलेले असेना.

दगड पार करताना नवख्याचा कल मोठा धोंडा दोन चाकांच्या मध्ये घेण्याकडे असतो. चूक तिथेच होते. गाडीच्या पोटाखाली डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा लोंबत असतो आणि तोच धोंड्यावर आपटतो. स्थिर धोंड्यावर चाक चढवले की सगळी गाडी उचलली जाते आणि पोट वाचते. स्टिअरिंग धरताना अंगठे कड्याच्या आत अडकवू नयेत. दगडाच्या धक्क्याने स्टिअरिंग फिरले तर अंगठा दुखावतो. कधी समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके अधांतरी होतात आणि तीच गरगर फिरू लागतात. साधे डिफरन्शियल जमिनीवरच्या चाकाला हवेतल्या चाकापेक्षा जास्त जोर देऊ शकत नाही. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबत राहिल्याने फक्त खड्डा वाढतो. ब्रेक हलका लावून थोडी ताकद द्यावी, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि दुसरे चाक ओढू लागते. डिफरन्शियल लॉक असेल तर तो चाके फिरू लागण्याआधीच लावावा.

चढण आणि उतार नेहमी सरळ रेषेत घ्यावेत. चढ मध्येच चुकला आणि गाडी अडली, तर ती वळवण्याचा मोह जिवावर बेततो, कारण उतारावर आडवी झालेली गाडी कलंडते. अशा वेळी ब्रेक दाबून धरावा, लो रेंजमधला रिव्हर्स टाकावा, सोबती बाजूला असल्याची खात्री करावी आणि आल्या वाटेने इंजिनाच्या आधारावर सरळ मागे यावे. उतरताना लो रेंजचा पहिला गिअर टाकून पाय क्लचपासून दूर ठेवावा. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी मोकळी धावते. मुरमावर चाके घसरू लागली तर भीतीने ब्रेक गच्च दाबला जातो. त्या क्षणी ब्रेक सोडून थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा असतो, म्हणजे चाके फिरतात आणि स्टिअरिंगचे ऐकतात. मनाला हे पटायला वेळ लागतो. त्यासाठी गावाजवळच्या लहानशा उतारावर दहा-बारा वेळा सराव करावा.

ओढ्यात गाडी घालण्याआधी सोबत्याने काठी घेऊन तो पायी ओलांडून पाहावा. ज्या पाण्यातून माणसाला सुखाने चालता येत नाही, त्यात गाडी घालू नये. गढूळ आणि चढते पाणी असेल तर काठावर थांबावे. घाटमाथ्यावर पाऊस पडला की ओढा घटकाभरात फुगतो. कंपनीने दिलेली खोलीची मर्यादा, थारच्या बाबतीत 650 मिलिमीटर, ही संथ पाण्याची समजावी. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा चालू करू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने आतल्या दांड्या वाकतात आणि इंजिन निकामी होऊ शकते.

गाडी रुतली तर आधी फावडे हाती घ्यावे. चाकापुढची माती काढून सपाट दगड बसवले की बरेचदा तेवढ्यानेच काम होते. दोरी बांधायची असेल तर चासीला जोडलेल्या भक्कम हुकालाच बांधावी. ट्रेलरसाठीच्या गोळ्याला बांधलेली दोरी ताणली जाऊन गोळा तुटला, तर तो गोळीसारखा सुटतो, आणि यात माणसे दगावली आहेत. ओढणे चालू असताना सोबत्याने दोरीच्या दीडपट लांबीइतके तरी दूर राहावे. दोन गाड्यांनी जाणे उत्तम. एकच गाडी असेल तर वाट अशी निवडावी की जवळच्या वाडीत ट्रॅक्टर मिळेल.

वेळेचा अंदाज डांबरी रस्त्याच्या हिशेबाने लावू नये. पंधरा किलोमीटरच्या वाटेला अर्धा दिवस जाऊ शकतो आणि लो रेंजमध्ये डिझेलही बरेच जास्त लागते. डिसेंबरात पुण्याच्या बाजूला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या पूर्व उतारावर सावली त्याच्या कितीतरी आधी पडते आणि सावलीत खड्ड्याची खोली कळत नाही. त्यामुळे पहाटे निघून, कुठेही असले तरी दुपारी दोनला परत फिरायचे, असे ठरवून जावे. सहलीचा कार्यक्रम घरी लिहून ठेवावा, कारण दरीत मोबाइल लागत नाही.

डांबरी रस्ता लागला की पुन्हा दोघांनी उतरावे. टायरमध्ये हवा भरावी, चाकांचे नट आवळून पाहावेत, टायरच्या बाजूला चीर पडली आहे का ते हाताने चाचपावे, आणि वाकून गाडीखाली तेलाचा थेंब पडतो का ते पाहावे. चाकांच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखल तिथेच काढावा, नाहीतर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते. ओढा ओलांडला असेल तर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवून घ्यावेत आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत गिअरचे आणि डिफरन्शियलचे तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे.