अग्नीनें नेलें तें आणि माणसांनीं राखलें तें



‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपणांस परिचित आहे. आज तो पाळणा लोखंडाचा झाला आहे. तेथील भट्ट्यांत भंगार वितळतें आणि घरांच्या सळया होऊन बाहेर पडतें. ह्या गांवास अग्नि ठाऊक आहे तो चाकर म्हणून. परंतु जें भंगार नव्हे, जें कोणी आयुष्यभर जमविलें, तें ह्याच अग्नीच्या तावडींत सांपडलें म्हणजे काय होतें, आणि अशा वेळीं माणसें एकमेकांच्या कशीं उपयोगी पडतात, ह्याचा आज विचार करूं. उदाहरण घेतों तें जुन्या मोटारसायकलींचें. आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेंत फटफटींचें.

इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहराजवळ रॉय रिचर्ड्स ह्या गृहस्थांनीं १९८४ सालीं राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालय उघडलें. नॉर्टन, ट्रायम्फ, बी. एस. ए., विन्सेंट अशा ब्रिटिश बनावटीच्या शेकडों गाड्या तेथें नांदत होत्या. १६ सप्टेंबर २००३ रोजीं दुपार कलतांना एका टाकून दिलेल्या सिगारेटच्या थोटकानें वातानुकूलन यंत्राच्या जुन्या गाळण्यांचा ढीग पेटला. आपोआप पाण्याचे तुषार सोडणारी योजना इमारतींत नव्हती. पांच दालनांपैकीं तीन गेलीं व सुमारें ३८० गाड्या भस्मसात् झाल्या.

तरीही सारें गेलें नाहीं. त्याच आवारांत सभा-परिषदांची दालनें आहेत. त्या दिवशीं तेथें आलेले पाहुणे, संग्रहालयाचे नोकर व बंबवाले ह्यांनीं हातांनीं ढकलीत शेकडों गाड्या बाहेर काढल्या. ज्यांचा त्या गाड्यांशीं कसलाही संबंध नव्हता, त्यांनींही हात लावला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

अशा आगींत यंत्राचें काय होतें? ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें. पोलादास सुमारें १,५०० अंश लागतात. म्हणून सांगाडा वांकडातिकडा होऊन उभा राहतो, पण एंजिनाचें आवरण व दट्ट्या ह्यांचें जमिनीवर थारोळें होतें. आवरणावर कोरलेला क्रमांक, म्हणजे गाडीचें नांवगांवच, त्यांत नाहींसा होतो. मग ती पुन्हा उभी करावयाची कशाच्या आधारें?

येथें दुसऱ्या प्रकारचें साह्य कामास येतें. तें आगीच्या दिवशीं धांवून येत नाहीं. तें अनेक वर्षें आधीं सांठविलेलें असतें. इंग्लंडांतील जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांनीं १९४६ सालीं एक मंडळ स्थापन केलें. बंद पडलेल्या कारखान्यांच्या नोंदवह्या व माहितीपुस्तकें त्या मंडळानें आपल्या ग्रंथालयांत जपलीं आहेत. जळालेल्या गाडीचें माप व घडण अशाच कागदांतून व जुन्या कारागिरांच्या हातांतून परत मिळते. बर्मिंगहॅमचें संग्रहालय डिसेंबर २००४ मध्यें पुन्हा उघडलें, आणि ह्या वेळीं तुषारयोजनेसह.

ऑस्ट्रियांत होखगुर्गल येथें १८ जानेवारी २०२१ रोजीं असेंच एक डोंगरावरील संग्रहालय जळालें. सुमारें २३० मोटारसायकली गेल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्याचीं दारें पुन्हा उघडलीं.

कोणी म्हणेल, नव्या धातूची गाडी ती जुनीच कशी? शंका रास्त आहे. मूळ धातु गेला तो गेलाच, आणि तें दुःख झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु ती गाडी कशी चालत असे, कशी दिसत असे, हें ज्ञान जिवंत राहिलें तर सर्वस्व गेलें असें म्हणतां येत नाहीं.

आपल्याकडे संग्रहालयें नसतील. परंतु अंबड, भोकरदन, परतूर येथील एखाद्या वाड्यांत आजोबांची येझदी किंवा राजदूत उभी असेल. येझदी घडविणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. आतां त्या यंत्राची विद्या आहे ती गांवच्या मिस्तरीच्या बोटांत व त्याच्या जुन्या खोक्यांत. त्या मिस्तरीस विचारून ती लिहून ठेवणें हें आपलें काम आहे. न चालणाऱ्या गाडीच्या टाकींतील पेट्रोल काढावें, बॅटरीची तार सोडावी, कडब्याच्या गंजीजवळ ती उभी करूं नये. क्रमांकांची व छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. जळत्या पेट्रोलवर पाणी ओतूं नये, वाळू किंवा माती टाकावी; पाण्यावर तरंगत आग पसरते. दालनभर ज्वाळा उठल्यावर मात्र कोणत्याही गाडीसाठीं माणसानें आंत जाऊं नये.

शेजाऱ्याचें घर जळालें तर आपण भांडीं-पांघरुणें घेऊन जातों. त्याचा आयुष्यभराचा छंद जळाला तर ‘जुनें लोखंडच तें’ म्हणून परत फिरूं नये. आपल्या अडगळींतील एखादा सुटा भाग, एखादें जुनें पुस्तक त्याच्या हातीं द्यावें. त्याचें मोल त्या दिवशीं तोच जाणेल.