समुद्रातली जमीन आणि नीराकाठचा शेतकरी



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून काही जणांना वाटले असेल की, वक्त्याची गाडी चुकली. आपण बसलो आहोत नीरा-भीमेच्या दुआबात. येथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. बारामती-इंदापूरच्या माणसाला पाण्याची चिंता असते ती पाणी नाही म्हणून. समुद्रात भर घालून जमीन काढण्याची कल्पना त्याच्या स्वप्नातही येत नाही. तरीसुद्धा, मुंबईच्या समुद्रातल्या जमिनीचा एकदा बाजार भरला, तो मोडला, आणि त्याचा फटका निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावांच्या मुलखापर्यंत येऊन पोहोचला. ती हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. तिच्यात जमिनीइतकीच माणसेही आहेत, आणि आजच्या घडीला उपयोगी पडेल असा एक हिशेबही आहे.

गोष्टीची सुरुवात मुंबईत नव्हे, अमेरिकेत होते. 1861 च्या एप्रिलमध्ये तेथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांत यादवी पेटली. इंग्लंडातल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांश कापूस तोवर अमेरिकेतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरचे माग थंडावले. मग इंग्रज व्यापाऱ्याला हिंदुस्थान आठवला. 1862 पर्यंत इंग्लंडात येणाऱ्या कापसापैकी बहुतांश कापूस हिंदुस्थानचा होता, आणि त्याचा मोठा वाटा मुंबई बंदरातून जात होता. भाव असे चढले की, लोकांनी गाद्या-उशा उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी मुंबईत सांगत. लढाईच्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीच्या उत्पन्नाहून सुमारे आठ कोटी पौंड अधिक पडले, असा त्या काळचा अंदाज आहे.

आता, एवढा पैसा अकस्मात हाती आला म्हणजे माणूस काय करतो? आपल्याकडचा माणूस जमीन घेतो. मुंबईचा माणूसही तेच करावयास निघाला. पण मुंबई म्हणजे चिंचोळे बेट, तेथे जमीन आणावयाची कोठून? तेव्हा लोकांची नजर समुद्राकडे वळली. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंत जो पाण्याचा कमानदार पट्टा आहे, त्याला बॅक बे म्हणतात. तो भरून काढावा, त्यावर रेल्वे न्यावी, उरलेल्या जागेचे तुकडे पाडून विकावेत, अशी योजना निघाली. योजना वेडगळ नव्हती, हे लक्षात ठेवा. शहर वाढत होते, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या, जागेची गरज खरी होती. प्रत्येक मोठ्या सट्ट्याच्या बुडाशी अशी एक खरी गरज असते. म्हणून तर शहाणी माणसे त्यात सापडतात.

बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा शेअर पाच हजार रुपयांचा होता. सरकारसाठी म्हणून राखलेले 400 शेअर सरकारला घेता आले नाहीत, तेव्हा ते लिलावात निघाले. त्या चारशे शेअरांवर दर्शनी किमतीच्या वर एक कोटी सहा लाख रुपये चढले. म्हणजे एका शेअरमागे साडेसव्वीस हजार. पुढे तोच शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. आणि हे कशाचे मोल? ज्या जमिनीवर अजून भरती-ओहोटी होत होती, तिचे! माझगाव, कुलाबा, एल्फिन्स्टन, जिकडे पाहावे तिकडे जमिनीच्या कंपन्या. 1865 च्या आरंभी मुंबईत 31 बँका आणि 8 जमीन-कंपन्या होत्या.

यातला कारभार कसा चालत होता, ते नीट समजून घेतले पाहिजे. बहुतेक व्यवहार रोखीचे नव्हते, वायद्याचे होते. मी आज तुमच्याकडून शेअर अमुक भावाने घेतो, पैसे अमुक तारखेला देईन. ती तारीख येईपर्यंत भाव चढला की मी तो तिसऱ्याला विकतो आणि मधला फरक खिशात घालतो. माझ्याजवळ पैसा नाही, तुमच्याजवळ शेअर नाही, आणि शेअरच्या मुळाशी जमीन नाही. तरी तिघेही श्रीमंत! त्यातून बँक ऑफ बॉम्बेसारख्या, सरकारचा भाग असलेल्या बँकेला 1863 च्या नव्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे शेअर गहाण ठेवावा, पैसा घ्यावा, त्या पैशाने आणखी शेअर घ्यावेत, तेही गहाण ठेवावेत. प्रेमचंद रायचंद नावाचे दलाल या साऱ्याच्या मध्यभागी होते. त्यांच्या एका चिठ्ठीने माणूस लखपती होतो, असा त्यांचा लौकिक होता.

9 एप्रिल 1865 रोजी अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती ली याने शस्त्र खाली ठेवले. ही वार्ता मुंबईला पोहोचली आणि कापसाचा भाव कोसळला. कापूस पडला तसे शेअर पडले. आणि 1 जुलै 1865 ही तर हजारो वायद्यांची तारीख होती. त्या दिवशी ज्याने त्याने दुसऱ्याकडे पैसे मागितले आणि कोणापाशीच ते नव्हते. पन्नास हजारांच्या घरातला बॅक बेचा शेअर पुढे दोन हजारांच्याही खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांना जाई, त्याला 87 रुपये येईनात. 1868 मध्ये ती बँक मोडीत निघाली. कंपनीने समुद्राच्या कडेचा थोडासा पट्टा काय तो भरला. बाकीच्या ठिकाणी पाणी होते तसेच राहिले.

हे झाले आकडे. पण बाजार पडतो तेव्हा आकड्यांच्या खाली घरे असतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आपण जाणता. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा मुंबईत येऊन नामांकित वैद्य झाला, संस्कृताचा आणि शिलालेखांचा व्यासंगी झाला, गरिबांना फुकट औषध देणारा म्हणून ओळखला गेला. त्यांचीही संपत्ती या पडझडीत गेली. भाऊ दाजी लोभी नव्हते. सगळे शहर एकाच दिशेने चालू लागले म्हणजे शहाण्यालाही आपले पाय आपले राहत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पुढची नऊ वर्षे, 1874 मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी रोगी तपासले आणि शिलालेख वाचले. प्रेमचंदही बुडाले, पण भरभराटीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई मनोरा 1878 मध्ये उभा राहिला. आणि ज्यांचे नाव कोठे नोंदलेले नाही त्यांचे काय? 1864 च्या गणतीत मुंबईची वस्ती 8,16,562 होती. 1872 मध्ये ती 6,44,405 भरली. दोन्ही गणत्यांच्या रीतीत फरक असेल, तो सोडून द्या. तरी लाखावर माणसे शहरातून उठून गेली, हे उघड आहे. ती कोठे गेली? जेथून आली होती तेथे. गावाकडे.

आणि येथे आपण आपल्या मुलखात येतो.

पुण्याहून निघालेली आगगाडी 1858 मध्ये दिक्सळपर्यंत, म्हणजे इंदापूर तालुक्याच्या उंबरठ्यापर्यंत आली होती. 1863 मध्ये बोरघाटाचा रस्ता रुळांनी जोडला गेला आणि नीरा-भीमेचा हा मुलूख थेट मुंबईच्या धक्क्याला बांधला गेला. मुंबईतला पैसा उलट्या वाटेने आत येऊ लागला. दख्खनेत कापूस पेरणाऱ्याला एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. जेथे कापूस नव्हता तेथेही जोंधळ्या-बाजरीचे भाव चढले, गाडीभाडे वाढले, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळू लागली. जो सावकार पूर्वी दहा रुपयांसाठी दहा वेळा फिरवी, तो आता दारात येऊन पैसे घ्या म्हणू लागला. कारण त्यालाही वरून पैसा सुटत होता.

1865 नंतर ही सारी साखळी उलटी ओढली गेली. मुंबईच्या पेढ्यांनी हात आखडला, म्हणून तालुक्याच्या सावकाराने आखडला, म्हणून कुळाच्या दारात तगादा आला. आणि नेमक्या याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. इंदापूर हा ब्रिटिशांच्या नव्या जमीन-मोजणीचा पहिला तालुका. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास येथे तीस वर्षांसाठी सारा ठरवला होता. ती मुदत संपली आणि 1867 मध्ये सारा नव्याने बांधला गेला. अधिकाऱ्यांनी भाव पाहिले ते लढाईच्या दिवसांतले, चढलेले. सारा जवळजवळ दीडपट झाला. भाव मात्र पुढे उतरत गेले. म्हणजे उत्पन्न लढाईबरोबर संपले आणि सारा तीस वर्षांसाठी कायम झाला! नीरेचा डावा कालवा वाहू लागावयास तेव्हा अजून जवळजवळ वीस वर्षे होती. पावसावर शेती, आणि कागदावर देणे.

त्या कागदाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू असा की, व्याज फार साचू नये. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार जुना रोखा फाडून मुद्दल-व्याज मिळून नवा रोखा लिहून घेऊ लागला. व्याजाचेच मुद्दल झाले आणि त्यावर पुन्हा व्याज. शंभराचे हजार झाले ते काढलेल्या पैशाने नव्हे, बदललेल्या कागदांनी. खाली अंगठा उठवणाऱ्याला वर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, भोवतालच्या गावांचे लोक जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते रोखे, आणि त्यांनी जाळले तेही मुख्यतः रोखेच. जेथे सावकाराने कागद काढून दिले तेथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही, ही गोष्ट पुढच्या चौकशीतही आली. पुणे-नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्याच 1875 साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एका बाजूला वाचता न आलेले कागद जळत होते आणि दुसऱ्या बाजूला लोकांना चार गोष्टी ऐकवून शहाणे करण्याची सोय होत होती. आज आपण येथे बसलो आहोत त्या परंपरेचा जन्म त्याच सालचा, हे विसरू नये.

आता मला जे म्हणावयाचे आहे ते येथे येते. 1865 मध्ये मुंबईचे व्यापारी बुडाले, तेव्हा त्यांच्या मिळकतींची व्यवस्था लावण्यासाठी त्याच वर्षी खास कायदा झाला. बँक बुडाली तेव्हा चौकशी-मंडळ बसले आणि त्याच नावाची नवी बँकही उभी राहिली. शेतकरी बुडाला, तेव्हा मात्र त्याला कर्जापायी तुरुंगात न टाकण्याचा कायदा होण्यास 1879 साल उजाडावे लागले, आणि तेही रोखे जळल्यावर. बुडण्याचे कारण एकच. पण मदत पोहोचण्यास एकाला काही महिने लागले आणि दुसऱ्याला चौदा वर्षे. संकट रेल्वेने येते, मदत बैलगाडीने. म्हणून जो सत्तेपासून आणि बाजारापासून दूर आहे, त्याने अनिश्चित काळात दुसऱ्याच्या दुप्पट सावध राहिले पाहिजे. धाडस करू नये असे मी म्हणत नाही. चुकले तर आपल्याला सावरून घेणारा कोणी जवळ नाही, हे धरूनच पाऊल टाकावे, असे म्हणतो.

हे आज सांगण्याचे कारण आहे. किनाऱ्याच्या जमिनीचा बाजार पुन्हा तापला आहे. 2024 च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, 2025 च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. उरण, पनवेल, अलिबाग आणि त्याही खाली कोकणपट्टीतल्या तुकड्यांच्या जाहिराती आपल्या तालुक्यातल्या घरांतही येऊन पडतात. ऊस विकून, संपादनात गेलेल्या शेताचा मोबदला घेऊन, नाहीतर मुलाच्या पगारावर कर्ज काढून माणसे तिकडे निघाली आहेत. पूल खरा आहे, विमानतळ खरा आहे. बॅक बेची गरजही खरीच होती. प्रश्न तो नव्हे.

घेण्यापूर्वी स्वतः जाऊन जमिनीवर उभे राहावे. सातबारा दुसऱ्याने दाखवलेला पाहू नये, आपण काढून वाचावा. त्यावर नावे किती आणि बोजा कोणाचा, ते पाहावे. शेतजमीन असेल तर ती शेतकऱ्यालाच घेता येते, आणि प्लॉट पाडण्यास परवानगी आहे का, हे विचारावे. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर 1991 पासून बांधकामाचे निर्बंध आले. पुढे नियम बदलत गेले, म्हणून आज त्या गटाला कोणता नियम लागू आहे, ते कचेरीतून लेखी घ्यावे. आणि सर्वांत शेवटी स्वतःलाच विचारावे: भाव पाच वर्षे वाढला नाही, तरी हप्ता देऊन माझे घर चालेल काय? उत्तर नाही असे आले, तर आपण जमीन घेत नसून 1 जुलैचा वायदा करीत आहोत, असे समजावे.

सुप्याला जळालेल्या कागदांची राख केव्हाच उडून गेली. ते कागद वाचता आले असते, तर जाळावे लागले नसते. आपल्याला वाचता येते. तेवढे करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.